जिभेवर तपासलेला सेल

चालूकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बंद पडलेली वस्तू समोर आली की हा माणूस तिच्यात डोकं घालायचा, बराच वेळ स्वतःशीच पुटपुटायचा आणि मग मान वर काढून म्हणायचा, "झालं चालू." त्यावरून नाव पडलं. नावात थोडा वात्रटपणाही होता आणि तो काकांना कळत नव्हता असं नाही. पण ते चिडायचे नाहीत. "चालू आहे म्हणून तर टिकलोय," म्हणायचे आणि दुसऱ्याच्या आधी आपणच हसून घ्यायचे.

आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. कॉम्प्युटरही जुनेच. नव्याशी त्यांचं कधी जमलंच नाही. "उघडायला साधा स्क्रू नाही, ह्याला काय वस्तू म्हणायचं? हा तर साबण!" असं म्हणून ते नवीन लॅपटॉप परत पाठवायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, त्यावर पोटं उघडी टाकलेली यंत्रं, खाली वायरींची भेंडोळी, आणि त्या भेंडोळ्यांत बसून खेळणारी नात. तिचं नाव टुणी. दोन पावलं सरळ चालेल तर शपथ. कायम टुणटुण उड्या. काकांची मुलगी, म्हणजे टुणीची आई, शिवणकारखान्यात सकाळी जायची ती संध्याकाळी यायची, जावई परगावी नोकरीला. तेव्हा दिवसभर टुणीचं जग म्हणजे आजोबा, आणि आजोबांचं जग म्हणजे टुणी. दोघांची भांडणं अशी की वाटावं दोन म्हातारे भांडतायत की दोन पोरं.

आता काकांची खोड सांगायला हवी. खोडच ती, दुसरा शब्द नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात एक चपटा सेल असतो, नाण्यासारखा, चकचकीत. यंत्र बंद असलं तरी तारीख-वेळ लक्षात ठेवायचं काम त्याचं. तो संपला की यंत्राला विसरायला होतं. तर असा सेल बाहेर काढला की काका तो चिमटीत धरून त्याची कड जिभेच्या टोकाला लावायचे. जिभेला झिणझिण्या आल्या तर म्हणायचे "जिवंत." नाही आल्या तर "गेला." मीटर नव्हता का? होता की! खिळ्याला टांगलेला, वर धुळीचा थर. मुलीने एकदा मीटर त्यांच्यासमोर आणून आपटला होता. "बाबा, हे काय चाटत बसता? ह्याने मोजा की!" त्यावर काका म्हणाले, "मी टीव्ही दुरुस्त करत होतो तेव्हा तू रांगत होतीस." झालं. विषय संपला.

आणि टुणीला तर ती गंमतच वाटायची. "आजोबा, मला मुंग्या!" म्हणत ती जीभ बाहेर काढून उभी राहायची. काका सेल घट्ट चिमटीत धरायचे, तिच्या जिभेला क्षणभर टेकवायचे, आणि पोरगी किंचाळून खोलीभर उड्या मारायची. हे मात्र खरं की सेल त्यांनी तिच्या हातात कधी दिला नाही. त्यांना वाटायचं, एवढी काळजी घेतली म्हणजे पुष्कळ झालं.

हे सगळं घडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी काका पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात गेले होते. तिथलं एक्स-रे यंत्र जुनं, त्याच्या जोडीचा कॉम्प्युटर त्याहून जुना. यंत्र बनवणाऱ्यांनी केव्हाच हात वर केले होते, त्यामुळे दवाखान्याला काकांशिवाय दुसरा वाली नव्हता. तक्रार साधी होती. कॉम्प्युटर रोज सकाळी तारीख विसरायचा. वर्षानुवर्षं मागे जाऊन बसायचा आणि काल पडलेल्या माणसाच्या फोटोवर टुणीच्या जन्माआधीची तारीख छापून द्यायचा. काकांनी सेल बदलला, तारीख-वेळ नीट लावली. जुना सेल जिभेला लावून "गेला" म्हणाले, तो शर्टाच्या खिशात टाकला आणि घरी येऊन शर्ट खुर्चीच्या पाठीवर अडकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एका पंख्याची मोटर सोडवत बसले होते. टुणी टेबलाखाली होती. बराच वेळ आवाज नाही, म्हणून त्यांना बरंच वाटलं. पोर गप्प आहे म्हणजे काहीतरी उद्योग चाललाय, हे कुठल्याही आईला कळतं. आजोबाला कळायला वेळ लागतो. शेवटी त्यांनी वाकून पाहिलं. टुणी भिंतीला टेकून बसली होती. तोंड अर्धं उघडं, हनुवटीवरून लाळ ओघळून फ्रॉक भिजलेला. रडत नव्हती. एक हात गळ्याशी होता.

"काय गं? काय झालं?"

टुणीने गिळायचा प्रयत्न केला, तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मग ती घोगऱ्या, बारीक आवाजात म्हणाली, "आजोबा, मुंग्याच आल्या नाहीत."

काकांनी खुर्चीवरचा शर्ट ओढला. खिसा उलटा केला. दोन स्क्रू, एक कागदाचा बोळा. सेल नव्हता.

त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. काय झालं असेल ते त्यांना बसल्या जागी दिसलं. पोरीने सेल काढला, आजोबांसारखा जिभेला लावला. मेलेला सेल, झिणझिण्या कुठून येणार? म्हणून आणखी आत ठेवला. मग आणखी आत.

काकांनी तिला उचललं आणि दवाखान्याकडे निघाले. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. शटर उघडं, पंख्याची मोटर टेबलावर तशीच. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने नेहमीसारखी हाक मारली, "काय काका, काय चालू?" त्यांना ती ऐकूच गेली नाही. गुडघे कुरकुरत होते, छाती भात्यासारखी चालली होती, आणि खांद्यावर लाळेचा ओला डाग वाढत होता. माझ्या हातात जाईल ही, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई शांत बाई. त्यांनी टुणीला टेबलावर बसवलं, छातीला नळी लावली, तोंडात बॅटरीचा झोत टाकला. "श्वास ठीक आहे. काय गिळलंय?"

"नाणं," काका म्हणाले.

का म्हणाले? अहो, भीतीने! दुसरं काय? भीती माणसाला किती पटकन खोटं बोलायला लावते, ते काकांना स्वतःलाही नंतर खरं वाटलं नाही. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, खिळ्यावरचा मीटर आला, आणि तोंडातून "नाणं" बाहेर पडलं. एकदा पडल्यावर त्यांना ते पटलंही. असेलही नाणं. सेल शर्टातून वाटेत पडला असेल. आणि सेलच असला तरी मेलेलाच तर होता. मेलेला काय करणार?

"नाणं असेल तर फार घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा आपोआप खाली उतरतं. फोटो काढून बघू कुठे आहे ते."

एक्स-रे काढणाऱ्या मुलीला सगळे फोटोताई म्हणायचे. तिने काकांना पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. "बरं झालं काका, आत्ता तुम्हालाच फोन करणार होते! सकाळपासून प्लेट कॉम्प्युटरशी बोलतच नाहीये. एकही फोटो येत नाही."

पूर्वी फोटो फिल्मवर उमटायचा. आता तसं नव्हतं. माणूस प्लेटसमोर उभा राहायचा, प्लेट चित्र पकडायची आणि तारेतून कॉम्प्युटरला पाठवायची. कॉम्प्युटरने ते घेतलं तरच पडद्यावर दिसणार. नाही घेतलं तर पोटातलं पोटातच.

काका खुर्चीत बसले. पडद्याच्या कोपऱ्यात जोडणीच्या खुणेवर लाल फुली होती. आधी तार. तार काढली, फुंकर मारली, परत खोचली. खाचेतला हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तार ठणठणीत. तरीही त्यांनी दुसरी तार लावून पाहिली. यात काही अर्थ नाही हे त्यांना कळत होतं, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. उघड्या दारातून बाहेरचा बाक दिसत होता. टुणी फोटोताईच्या मांडीवर होती आणि फोटोताई तिची हनुवटी पुसत होती. पुसली की परत ओली.

डॉक्टरीणबाई दारात आल्या. "काका, नाणंच आहे ना नक्की? घरात तुमचे ते चपटे सेल असतात म्हणून विचारते. सेल असेल तर गोष्ट वेगळी. घशात अडकला तर आतून जाळत जातो. तासा-दोन तासांत."

काकांचे हात किबोर्डवर होते तिथेच राहिले. त्यांना वाटलं, आपण काही बोललोच नाही तर हा क्षण इथेच थांबेल. मग बाहेर टुणी खोकली, बारीकसं, कोरडं. काका उभे राहिले.

"डॉक्टर, नाणं नाही. सेल आहे. ह्याच यंत्रातला. काल मी काढला तो."

मग डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "किती वेळ झाला?"

"तास झाला असेल. जास्तही असेल. मी पाठमोरा होतो." आणि मग घाईघाईने, "पण तो मेलेला आहे, डॉक्टर! मी स्वतः जिभेला लावून बघितला होता. जरासुद्धा झिणझिणी नव्हती."

"घड्याळ चालवायला मेला असेल, काका. घसा जाळायला पुरेसा जिवंत आहे."

जन्मभर ज्या जिभेवर भरवसा ठेवला तिने असा दगा दिला. काका खुर्चीत बसले नाहीत, कोसळले. डॉक्टरीणबाईंनी एकदाही आवाज चढवला नाही आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागवायला वेळ नाही, इतकं हे मोठं आहे, एवढंच त्यातून कळत होतं.

बाईंनी मोठ्या इस्पितळाला फोन लावला. काका ऐकत होते. दवाखान्याची गाडी एका पेशंटला सोडायला गेली होती, परतीच्या वाटेवर होती. ती येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. पलीकडचा डॉक्टर विचारत होता, फोटो काढलात का? सेल अन्ननलिकेत अडकलाय की पोटात उतरलाय? पोटात असेल तर थोडी सवड आहे. अडकला असेल तर आत्ताच सांगा, ऑपरेशनची खोली तुमच्यासाठी रिकामी ठेवतो. नाहीतर दुसरा पेशंट घेतोय, मग तुम्हाला थांबावं लागेल.

डॉक्टरीणबाईंनी फोन छातीशी धरला. "काका, गाडी येईपर्यंत मला फोटो मिळेल का?"

"मिळेल," काका म्हणाले. मिळेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बाईंनी कपाटातून मधाची बाटली काढली आणि फोटोताईला चमचा दिला. थोडा थोडा चाटवत राहा, म्हणाल्या. जळणं जरा मंदावतं. काकांनी एकदा तिकडे पाहिलं. टुणीने चमच्यासमोर जीभ बाहेर काढली होती, त्यांच्याकडे काढायची तशीच. त्यांनी मान फिरवली.

आता आतल्या सेवांची यादी उघडायची. कॉम्प्युटरच्या पोटात अशी पुष्कळ कामकरी मंडळी असतात, दिसत नाहीत पण यंत्र चालू झालं की आपापल्या जागी येऊन बसतात. त्यातलीच एक नेटवर्कची. ती असेल तर यंत्राला आपला पत्ता मिळतो, आणि पत्ता असेल तर प्लेटचं चित्र त्या पत्त्यावर पोचतं. काकांनी यादीत ती शोधली. समोर लिहिलं होतं: बंद. त्यांनी 'सुरू करा' दाबलं. निळी पट्टी थोडी सरकली, थबकली, आणि चौकट आली की ही सेवा सुरू होऊ शकत नाही, कारण ही ज्या दुसऱ्या सेवेच्या जिवावर चालते तीच सुरू झालेली नाही.

"बरं, मग तिच्याकडे जातो," काका पुटपुटले. दुसरीकडे गेले. तिचंही तेच रडगाणं: मी तिसऱ्यावर अवलंबून. कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर पिटाळतात ना, अगदी तसं. एरवी काकांनी यंत्राला चार शिव्या हासडल्या असत्या आणि मजेत काम केलं असतं. आज त्यांच्या बोटांना घाम सुटला होता. माउस निसटत होता. एकदा चुकून भलतीच चौकट उघडली आणि ती बंद करायची कशी हेच क्षणभर आठवेना. वर्षानुवर्षं केलेलं काम, आणि डोकं पाटीसारखं कोरं. "शांत हो, म्हाताऱ्या," ते स्वतःला म्हणाले.

तेवढ्यात मुलगी आली. दवाखान्यातून तिला कारखान्यात फोन गेला होता. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती, खांद्यावर दोरे चिकटले होते. तिने टुणीला कवेत घेतलं, तिचं तोंड पाहिलं, आणि डॉक्टरीणबाईंकडून सगळं ऐकून घेतलं. मग ती आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, तिला चाटायला तुम्ही शिकवलंत?"

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही. काढायची हिंमतच नव्हती. "हो," म्हणाले.

ती ओरडेल म्हणून त्यांनी खांदे आवळून धरले. ती ओरडली नाही. "आधी ते चालू करा," एवढंच म्हणाली आणि परत बाकावर जाऊन बसली. बापाचं नाव ज्या शब्दावरून पडलं तो शब्द तिच्या तोंडून असा यावा, याचं त्यांना फार लागलं.

तिसऱ्या खिडकीवर खरी गोम निघाली. तिसरी सेवा ज्या फायलीवर चालते ती फाईलच जागेवर नव्हती. काकांनी दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. काल संध्याकाळपर्यंत फोटो येत होते, म्हणजे काल ती होती. मग गेली कुठे? फायलीला पाय फुटतात का? कुणी शिरलं होतं का आत? फोटोताई बाकावरून शपथेवर सांगत होती की तिने कशाला हात लावला नाही.

काकांची नजर कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. तारीख बरोबर, वेळ बरोबर. काल आपणच लावलेली. आणि घड्याळाच्या शेजारी एक पिवळी खूण होती, जी काल नव्हती. त्यांनी तिच्यावर टिचकी मारली. अँटीव्हायरस बोलला: राहिलेली तपासणी पूर्ण झाली. एक संशयास्पद फाईल कोंडून ठेवली आहे.

आता काकांना उलगडलं. हे यंत्र रोज सकाळी जुन्या वर्षात जागं व्हायचं. तपासणीची तारीख त्याच्या लेखी कधी उजाडायचीच नाही. अँटीव्हायरस वर्षानुवर्षं पहारेकऱ्यासारखा खुर्चीत झोपून होता. काल काकांनी नवा सेल घातला, तारीख खरी केली, आणि पहारेकरी दचकून उठला. उठला तो राहिलेलं सगळं काम एकदम करायला धावला आणि घरच्याच माणसाला चोर समजून कोठडीत टाकलं. म्हणजे इथला घोटाळाही त्याच सेलपायी. काढला तो नातीच्या घशात, घातला तो फोटोच्या आड. दोन्ही आपल्याच हातांनी. शत्रूनेसुद्धा इतकं जमवून आणलं नसतं.

पण रडत बसायची ही वेळ नव्हती. त्यांनी कोंडलेल्या फायलीवर 'परत ठेवा' दाबलं. फाईल आली, आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत अँटीव्हायरसने परत उचलली. "अरे मेल्या!" काका ओरडले. बाहेर टुणी दचकली. खरं तर त्यांना सुचायला हवं होतं: आधी पहारेकऱ्याला बाहेर काढायचं, मग कोंडलेल्याला सोडायचं. त्यांनी अँटीव्हायरस बंद केला. नक्की बंद करायचा का, म्हणून त्याने विचारलं. नक्की. धोका आहे, म्हणाला. "धोका बाहेर बाकावर बसलाय," काका दातओठ खात म्हणाले आणि बटण दाबलं. फाईल परत आणली. या खेपेला राहिली. आता यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं.

जुनं यंत्र सुरू व्हायला किती वेळ घेतं ते ज्याने वाट पाहिली त्यालाच ठाऊक. पडदा काळा झाला. आत काहीतरी घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बाहेर कुठेतरी गाडीचा भोंगा वाजला आणि फोटोताई धावत बघून आली. ती गाडी नव्हती. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणत होत्या, "अजून पाच मिनिटं धरा, प्लीज." मुलगी टुणीच्या केसांवरून हात फिरवत होती, एकसारखा, न थांबता. टुणी आता मधालाही तोंड उघडत नव्हती.

पडदा उजळला. खुणा एकेक करून उमटल्या. लाल फुली तशीच होती. मग ती फुली गेली.

फोटोताई त्यांच्याकडे बघत राहिली, नेहमीचे दोन शब्द येतील म्हणून. ते शब्द काका बोलले नाहीत. उठले आणि म्हणाले, "आणा तिला."

लहान पोर एकटं स्थिर उभं राहत नाही, कुणीतरी धरावं लागतं. मुलगी पुढे झाली, पण टुणीने मान हलवली आणि आजोबांकडे हात केले. शिसं भरलेला तो जड अंगरखा काकांच्या खांद्यांवर चढवला, तेव्हा ते आणखीच वाकले. त्यांनी टुणीला प्लेटसमोर उभं केलं, तिचे दोन्ही हात वर धरले. हातात तिची नाडी उडत होती.

"हलायचं नाही हं, बाळा."

टुणीने मान डोलावली. लाळेचा एक थेंब त्यांच्या मनगटावर पडला. यंत्र गुणगुणलं, टक् झालं.

चित्र वरून खाली उतरलं. आधी जबडा, बारीक दात, मग मान. मग गळ्याखाली, छातीच्या वरच्या भागात, एक पांढरं शुभ्र वर्तुळ. डॉक्टरीणबाई पडद्याला नाक लावून पाहू लागल्या. वर्तुळाच्या आत कडेला लागून दुसरं वर्तुळ होतं. नाण्याला तसं नसतं, म्हणाल्या. काकांना सांगायची गरज नव्हती. ती दुहेरी कड त्यांनी आयुष्यभर चिमटीत धरली होती.

"अडकलाय," डॉक्टरीणबाई फोनमध्ये म्हणाल्या. "वरच आहे. खोली ठेवा. निघालोच."

गाडी आली तेव्हा आत आई, टुणी आणि डॉक्टरीणबाई बसल्या. काकांना जागा नव्हती. असती तरी मुलीने बसा म्हटलं असतं का, कोण जाणे. दार लागलं. काका फाटकाशी उभे राहिले, अंगात अजून तो शिशाचा अंगरखा, एक पाय अनवाणी. फोटोताईने तो अंगरखा त्यांच्या अंगावरून काढला तेव्हा त्यांना रडू फुटलं.

टुणी वाचली. हे आधीच सांगून टाकायला हवं होतं, पण काकांना ते संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं, मग इतरांना तरी आधी का कळावं? तोंडातून नळी घालून सेल काढला. आतली भिंत जळली होती, भोक मात्र पडलं नव्हतं. आणखी उशीर झाला असता तर, असं मोठ्या इस्पितळातला डॉक्टर म्हणाला आणि वाक्य पुरं केलं नाही. बरेच दिवस नाकातल्या नळीने पोट भरलं. जळलेली जागा भरताना आकसते, म्हणून अधूनमधून तिला घसा रुंद करून घ्यायला न्यावं लागतं आणि पुढेही लागेल. आवाज घोगरा झालाय. ती आता पातळच खाते, आणि ती प्रत्येक घोट घेताना काका तिच्या गळ्याकडे बघत बसतात. घोट उतरला की मग स्वतः श्वास सोडतात.

मुलगी घरात बोलते, पण कामापुरतं. तिने दुकान आणि घर यांच्या मध्ये जाळीचं दार बसवून घेतलं आणि कडी दुकानाच्या बाजूने, उंचावर लावली. काकांनी हूं की चूं केलं नाही. सुताराला स्क्रू त्यांनीच काढून दिले. काही दिवस त्यांनी दुकानच उघडलं नाही. मग लोक घरी येऊन यंत्रं ठेवून जायला लागले, तेव्हा उघडलं.

परवा शाळेतला एक जुना कॉम्प्युटर आला होता, तारीख विसरणारा. काकांनी पोट उघडलं, सेल चिमटीत धरून बाहेर काढला. मन भलतीकडे होतं. हात आपोआप वर गेला आणि जीभ आपोआप बाहेर आली. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाते?

जाळीपलीकडे टुणी उभी होती. दोन्ही मुठींत जाळी धरून ती त्यांच्याकडे बघत होती. उड्या नाहीत, हसू नाही.

"आजोबा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जीभ आत."

काकांनी जीभ आत घेतली. सेल टेबलावर ठेवला. मग उठून खिळ्यावरचा मीटर काढला आणि बाहीने त्याची धूळ पुसायला लागले.